वैमानिकाचे ओटीपोटाचे जुनाट दुखणे: प्रतिजैविके घेऊनही गुण येत नाही

सहवैमानिक, वास्को (प्रश्न)

माझे वय 38 आहे. गेले सात महिने वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात ठसठस आणि जळजळ होते. दिवसातले चौथे उड्डाण संपत येते तेव्हा मांड्यांमधून वर येणारा सुरक्षापट्टा नुसता टेकला तरी दातओठ आवळावे लागतात. मोपा विमानतळावर उतरल्यावर गाडीत बसण्याआधी पंधरा मिनिटे मी उभाच राहतो. लघवीच्या दोन्ही तपासण्यांत जंतू सापडले नाहीत, तरीही प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. कॉकपिटमधून वारंवार बाहेर जावे लागू नये म्हणून पाणीही कमी पितो. हे वैद्यकीय तपासणीत सांगितले तर परवान्यावर गदा येईल या भीतीने घरीसुद्धा बोललेलो नाही. काय करावे?

मूत्रविकारतज्ज्ञ, पणजी

प्रोस्टेटच्या (पुरुषांत मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या) जुनाट तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के किंवा त्याहून अधिक रुग्णांत जंतुसंसर्ग सापडतच नाही. गेल्या सहा महिन्यांपैकी किमान तीन महिने असणाऱ्या अशा दुखण्याला जुनाट ओटीपोट-वेदना म्हणतात, आणि त्यात बहुतेकदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आखडलेले असतात. तासन्‌तास एकाच आसनावर बसणे, लघवी दाबून धरणे आणि मनावरचा ताण या तिन्हींनी ते अधिकच आखडतात. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढू शकते, म्हणून तो उपाय आजच थांबवा. जंतू नसताना प्रतिजैविकांचा चौथा कोर्स घेऊ नका. या स्नायूंवर काम करणारा फिजिओथेरपिस्ट शोधा. तिथे आवळण्याचे नव्हे, तर सैल सोडण्याचे व्यायाम आणि पोटाने खोल श्वास घेणे शिकवतात. कोमट पाण्यात बसल्यानेही अनेकांना आराम पडतो. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा लघवीतून रक्त गेले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

निवृत्त वैमानिक, म्हापसा

मला हेच दुखणे होते आणि मीही ते लपवले, याचे आजही वाईट वाटते. आपली वैद्यकीय क्षमता घटल्याचे ठाऊक असताना उड्डाण करू नये, हा नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टातच आहे. खरा धोका दुखण्याइतकाच गुपचूप घेतलेल्या गोळ्यांचा असतो. लघवी मोकळी होण्यासाठी देतात त्या टॅम्सुलोसिनने उभे राहताना रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, तर वेदनेसाठी देतात त्या अमिट्रिप्टिलिन आणि प्रेगाबालिन यांनी गुंगी येते. परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी करणाऱ्या माझ्या परीक्षक डॉक्टरांना सांगितल्यावर मला काही आठवडे जमिनीवर राहावे लागले. त्या काळात फिजिओथेरपी नीट झाली आणि नंतर मी पुन्हा कामावर रुजू झालो. तुमच्या बाबतीत किती काळ लागेल ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

सहवैमानिक, वास्को

तिसऱ्या कोर्सच्या वेळी टॅम्सुलोसिनही लिहून दिले होते आणि मी ते रोज रात्री घेत आहे. हे परीक्षकांना कळवलेले नाही.

मूत्रविकारतज्ज्ञ, पणजी

मग उद्याचे उड्डाण घेऊ नका. आधी परीक्षकांना फोन करा, आणि आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे अहवाल सोबत घेऊन मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवा. आज रात्री घरीही सांगा.