जुन्या गाडीच्या हीटरची ब्लोअर मोटर : उघडून दुरुस्त करावी की नवी बसवावी?

चोक_ओढा
१९६० च्या दशकातली ब्रिटिश सलून गाडी, १२ व्होल्ट, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) मूळचाच. हीटरचा पंखा दोन वेगांचा आहे. हळू वेगावर हलतच नाही. जोराच्या वेगावर आधी करकरतो, मग फिरतो, पण हवा जेमतेम येते आणि काचेवरचं धुकं जात नाही. बोटाने फिरवला तर जड लागतो. आधीच्या मालकाने गाडी पॉझिटिव्ह अर्थवरून निगेटिव्ह अर्थवर आणली आहे (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय), याचा काही संबंध असेल का? मोटर उघडण्यात अर्थ आहे की सरळ नवी घ्यावी? घ्यायची तर कोणती मापं बघू? आणि यासाठी कूलंट काढावं लागेल का?

लोडवर_मोजा
खरेदीचं नंतर बघू, आधी मोजमाप. मोटरला बॅटरीतून थेट वायर द्या, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून. जोरात फिरली तर दोष स्विच, वायरिंग किंवा अर्थमध्ये. तशीच कुंथत फिरली तर दोष मोटरीत. बोटाला जड लागतेय म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन्ही निघणार.

मग पंखा जोराच्या वेगावर चालू ठेवून मल्टीमीटर लावा. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ते मोटरची येणारी वायर, इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर स्विच किंवा फ्यूज बॉक्सचे कॉन्टॅक्ट घासून साफ करा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते मोटरची अर्थ वायर, इथे ०.२ च्या वर नको. हीटरची पेटी रंगवलेल्या पत्र्यावर बसते आणि अर्थ त्या स्क्रूमधूनच जातो, त्यामुळे खोट इथेच जास्त सापडते.

हे सगळं मोटर जोडलेली असतानाच. वायर सुटी करून मोजलं तर काळवंडलेल्या कॉन्टॅक्टमधूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो.

हळू वेग बंद म्हणजे रेझिस्टन्सची तार (हळू वेगासाठी करंट कमी करणारी) बहुधा तुटली असणार. ही तार पंख्याच्याच वाऱ्याने थंड राहते. मोटर जड झाली की करंट वाढतो, वारा कमी होतो आणि तार जळते. म्हणून मोटर मोकळी केल्याशिवाय नुसता रेझिस्टन्स बदलू नका, नवाही जाईल.

बुश_आणि_नमदा
उघडा. त्या काळच्या मोटरी उघडता येतील अशाच बांधलेल्या आहेत. मोटर पेटीच्या बाहेरून तीन-चार स्क्रूंवर असेल तर कूलंटला हात लावायची गरज नाही. काही गाड्यांत अख्खी पेटी काढावी लागते, मग मात्र कूलंट काढणं आलं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, आणि खाली पातेलं ठेवून. ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

सोडवण्याआधी पंखा आणि शाफ्टवर एक खूण, बॉडी आणि दोन्ही झाकणांवर दुसरी खूण. पंखा शाफ्टवर किती आत आहे तेही व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा, नाहीतर परत बसवताना पेटीला घासतो. पंख्यावर छोट्या पत्र्याच्या क्लिपा दिसल्या तर त्या बॅलन्सिंगच्या आहेत, काढू नका. शाफ्टवरचे फायबरचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.

जडपणाचं कारण बहुतेक वेळा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बेअरिंगची कडी) असतं. हे बुश सच्छिद्र ब्राँझचे, तेल पोटात धरून ठेवणारे. भोवती नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती असते. इतक्या वर्षांत तेलाचं वॉर्निश होतं आणि शाफ्ट चिकटतो. शाफ्टवरचा थर स्पिरिटने पुसा. बुश झाकणातून सुटत असतील तर साधारण ८० अंश गरम केलेल्या एसएई ३० तेलात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. सुटत नसतील तर नमदा धुऊन, वाळवून तेलात भिजवा. ग्रीस नको, त्याने छिद्रं बुजतात. गंज सोडवायचा स्प्रेही वंगण म्हणून नको. दोन दिवस पंखा छान फिरतो, मग उरलंसुरलं तेलही धुऊन गेलेलं असल्याने पहिल्यापेक्षा जास्त किंचाळतो.

कॉम्युटेटर (शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर वीज देणारे कार्बनचे ठोकळे म्हणजे ब्रश घासतात) ४०० नंबरच्या काचपेपरने साफ करा, एमरीने नाही. एमरीचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर हॅकसॉच्या घासून पातळ केलेल्या पात्याने साधारण अर्धा मिमी खाली उतरवा. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचा रेझिस्टन्स सगळीकडे सारखा यायला हवा, आणि कोणत्याही पट्टीपासून शाफ्टपर्यंत वीज जाताच कामा नये. जात असेल तर आर्मेचर (शाफ्टवरचा फिरणारा गुंडाळीचा भाग) गेलं. रिवाइंडिंग होतं, पण मग खर्चाचा हिशेब नव्या मोटरीशी करून बघा.

चोक_ओढा
थेट वायरवरही कुंथतेच. उघडली. नमदा दगड झालाय. कार्बन ४ मिमी उरलेत, एक होल्डरमध्ये अडकलाय. शाफ्टला बुशच्या जागी नखाला लागेल अशी खाच आहे.

बुश_आणि_नमदा
कार्बन बदला. नेमक्या मापाचे मिळाले नाहीत तर थोडे मोठे घ्या आणि सपाट काचेवर काचपेपर ठेवून घासून उतरवा. होल्डरमध्ये स्वतःच्या वजनाने सरकले पाहिजेत, पण डुगडुगता कामा नयेत. वेणीची वायर सोल्डर करताना वेणी कार्बनच्या बाजूने चिमट्यात धरा, म्हणजे कथील वर चढणार नाही. चढलं की वेणी कडक होते आणि स्प्रिंग कार्बनला ढकलू शकत नाही.

शाफ्टची खाच नुसती नखाला लागते आणि बाजूला हलवून ठकठक येत नसेल तर चालवा. ठकठक असेल तर नवा बुश. जोडताना कार्बन दोऱ्याने मागे बांधून ठेवा, आर्मेचर आत गेलं की दोरा ओढून घ्या. लांब बोल्ट आवळल्यावर शाफ्ट पुन्हा जड झाला तर घाबरू नका. हे बुश गोल बैठकीत वळणारे असतात. बोल्ट जरा सैल करा, झाकणावर लाकडी दांड्याने हलकेच ठोका, आलटून पालटून पुन्हा आवळा. चुंबक असलेल्या बॉडीवर मात्र ठोकायचं नाही, फेराइट तडकतो.

बसवण्याआधी टेबलावर वीसेक मिनिटं चालवा आणि करंट बघा. अशा छोट्या मोटरीला ३ ते ५ अँपिअर ठीक. ८ दिसले तर काहीतरी अजून घासतंय.

लोडवर_मोजा
अर्थ बदलल्याचा प्रश्न राहिलाच. आत चुंबक असेल तर ध्रुव उलटले की मोटर उलटी फिरते. फील्ड कॉइलची (चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी असलेली) असेल तर फरक पडत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात. पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडाने येते, फक्त बरीच कमी. त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पाती असलेला साधा पंखा असेल तर हवा उलटीच ओढली जाते. तुमची ‘जेमतेम हवा’ अर्धी यातली असू शकते. दोन वायरींची मोटर असेल तर वायरी अदलाबदल करा, काम झालं.

चोक_ओढा
चुंबकवालीच आहे. पण वायर एकच, अर्थ बॉडीतून.

लोडवर_मोजा
मग आतल्या दोन कार्बनच्या जोडण्या अदलाबदल करा. दोनच ध्रुव असतील तर याहून सोपं म्हणजे चुंबकाची बॉडी झाकणांच्या तुलनेत अर्धा फेरा फिरवून बसवा, बोल्टची भोकं जुळत असतील तर. दिशा उलटते.

वारा_हवा
एवढा उपद्व्याप कशाला? नव्या गाडीची दणकट ब्लोअर मोटर घाला, धुकं मिनिटात जाईल.

बुश_आणि_नमदा
डायनॅमोवर? ल्युकसचा सी४० (त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांतला नेहमीचा डायनॅमो) पूर्ण जोमात २२ अँपिअर देतो, आयडलला जवळजवळ काहीच नाही. नव्या गाड्यांच्या मोटरी एकट्याच १५-२० ओढतात. हेडलाइट आणि वायपर लावले की बॅटरी रिकामी होणार. अल्टरनेटर असता तर विचार केला असता, आणि तेव्हाही रिले (मोठा करंट हाताळणारा, विजेवर चालणारा स्विच) व स्वतंत्र फ्यूज हवाच, जुना स्विच एवढा करंट सोसत नाही.

आर्मेचर गेलं म्हणून नवी घ्यावीच लागली तर बघायचं ते असं : शाफ्टचा व्यास (पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ६ मिमीच्या शाफ्टवर तो पंखा डुगडुगेल), शाफ्टची लांबी, बॉडीचा व्यास आणि खोली, शाफ्टच्या बाजूने पाहिल्यावर फिरण्याची दिशा, आणि करंट. जुना रेझिस्टन्स जुन्या करंटसाठी आहे. मोटर जास्त ओढणारी असली की तोही बदलावा लागतो.

चोक_ओढा
कार्बन आणि नमदा मागवतो. पेटी उघडीच आहे तर आणखी काही करून घेऊ?

वारा_हवा
हवेची वाट बदलणाऱ्या झडपांवरचा फोम. त्याचा भुगा झाला असेल तर मोटर कितीही चांगली असो, हवा काचेकडे न जाता फटींतून निसटते. बंद पेशींचा फोम लावा, उघड्या पेशींचा पाणी पितो आणि पेटी गंजवतो. जुनं अस्तर किंवा गॅस्केट राखाडी, तंतुमय दिसलं तर कोरडं खरवडू नका, ॲसबेस्टॉस असू शकतं.

बुश_आणि_नमदा
आणि हीटरचा कोअर (गरम कूलंट ज्यातून फिरतं ती जाळी) दोन्ही दिशांनी पाण्याने धुऊन घ्या. नळाचं पूर्ण प्रेशर एकदम सोडू नका, जुने सोल्डरचे सांधे उकलतात.