आरामासाठी सीटपोस्ट बदलणे हा उलटा क्रम आहे

बालाघाटी:
लातूर, बीड, जालना भागांत गिअरच्या सायकली वाढल्यापासून नव्या सायकलस्वाराला एक सल्ला हमखास मिळतो: कंबर किंवा बैठक दुखत असेल, तर मूळचा अॅल्युमिनिअमचा सीटपोस्ट (सीटला आधार देणारी, फ्रेममध्ये बसणारी नळी) काढून कार्बनचा किंवा स्प्रिंगचा बसवा. माझे मत याच्या नेमके उलट आहे. सीट योग्य उंचीवर धरणे आणि ती पेडलच्या मानाने योग्य तेवढी मागे ठेवणे, ही सीटपोस्टची खरी कामे. २५ मिमी रुंदीच्या टायरमध्ये १०० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा ठासून भरायची, गावागावांच्या वेशीवरचे गतिरोधक त्याच हवेवर ओलांडायचे आणि दोष मात्र सीटपोस्टला द्यायचा, हे मला पटत नाही. धक्का सर्वांत आधी टायरमध्ये जिरतो. फ्रेममध्ये जागा असेल, तर ३२ मिमीचे टायर घालून हवा वजनाप्रमाणे उतरवावी. त्याला लागणारा खर्च चांगल्या कार्बन सीटपोस्टपेक्षा बहुधा कमीच असतो. त्यानंतर उंची पाहावी. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाशी नेल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हावा. सीट त्याहून उंच असेल, तर कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि तो त्रास कोणत्याही महागड्या नळीने जात नाही. वजनाचे म्हणाल, तर कार्बनने वाचणारे ५०-८० ग्रॅम हे अर्धा कप चहाइतके आहेत.

सीट तिच्या खालच्या रुळांवर पूर्ण मागे सरकवूनही पुढेच राहत असेल, तर सरळ सीटपोस्टच्या जागी २०-२५ मिमी मागे वळलेला घेणे मला मान्य आहे, कारण तिथे बदल मापासाठी होतो, आरामाच्या जाहिरातीसाठी नव्हे.

लांबपल्ला:
बालाघाटी सर, टायरचे आपले म्हणणे खरे आहे, पण ते ज्याच्या फ्रेममध्ये ३२ मिमी मावते त्याच्यासाठी. जुन्या पद्धतीच्या रिम ब्रेकच्या (चाकाची कड दाबून थांबवणाऱ्या) अनेक रोड सायकलींत २५ किंवा फार तर २८ मिमीचाच टायर बसतो. त्या सायकलस्वाराने काय करावे? २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला) साडेतेरा तास आणि ३०० किमीला वीस तास मिळतात. एवढ्या वेळात माणूस खड्ड्याने थकत नाही, कारण खड्डा दिसला की तो पेडलवर उभा राहतो. थकवतो तो खडबडीत डांबराचा न संपणारा बारीक कंप, आणि त्यासाठी दर क्षणी उभे राहता येत नाही.

नळी लवचीक असते, हे आपण विचारात घेतलेले दिसत नाही. धातू आणि भिंतीची जाडी सारखी धरली, तर ३१.६ मिमी व्यासाची नळी २७.२ मिमीच्या नळीपेक्षा सुमारे दीडपट ताठ असते. म्हणूनच २७.२ चा कार्बन सीटपोस्ट फ्रेमबाहेर बराच निघालेला असेल, तर त्याचा फरक बसल्याबसल्या कळतो. तोच सीटपोस्ट फ्रेमबाहेर चार बोटेच असेल, तर पैसे वाया गेले, हेही तितकेच खरे.

तेलपाणी:
आपण दोघेही आरामावर वाद घालत आहात; दुकानात आमच्यासमोर येते ती भानगड मापाची. गिऱ्हाईक ‘सीटचा पाइप’ ऑनलाइन मागवतो आणि घरी आल्यावर तो एक तर आत जात नाही किंवा आत खुळखुळतो. २७.२, ३०.९ आणि ३१.६ ही मापे नेहमीची असली, तरी स्वस्त आणि जुन्या सायकलींत २५.४ सारखीही सापडतात, म्हणून जुन्या नळीवर कोरलेला आकडा वाचावा, नसेल तर व्हर्निअरने मोजावे. मोठ्या व्यासाच्या फ्रेममध्ये बारीक नळी शिम (मधली फट भरणारी पातळ बाही) घालून बसवता येते. उलटे कधीच होत नाही, आणि कोणी कानस लावून बसवून देतो म्हणाला, तर सायकल उचलून घरी यावे. नळीवरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर एक दिवस नळी तरी वाकते किंवा फ्रेमला तडा तरी जातो.

दुसरे म्हणजे आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ आणि पावसाचे पाणी. लोखंडी फ्रेममध्ये अॅल्युमिनिअमची नळी ग्रीस न लावता वर्षानुवर्षे राहिली, की ती अशी जखडते की कापूनच काढावी लागते. कार्बनला मात्र ग्रीस नको. त्याची वेगळी पेस्ट मिळते, आणि बोल्ट नळीवर लिहिलेल्या आकड्याइतकाच, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावा. अंदाजाने आवळलेला कार्बन चिरडतो, आणि तुटायच्या आधी तो अॅल्युमिनिअमसारखा वाकून इशारा देत नाही.

गोदाकाठ:
आपली सर्व चर्चा रोड सायकलवाल्यांची झाली. नांदेडमध्ये रोज हायब्रिड सायकलवर ताठ बसून बाजारहाट करणारे पन्नाशीपुढचे कितीतरी लोक आहेत, ज्यांचे बहुतेक वजन सीटवरच पडते आणि जे गतिरोधकावर उभे राहणार नाहीत. त्यांना स्प्रिंगचा सीटपोस्ट चैन कशी म्हणता येईल?

बालाघाटी:
गोदाकाठ यांचा मुद्दा मान्य. ताठ बसणाऱ्याला मी माझ्या क्रमातून वगळतो. मात्र स्वस्त, नळीत नळी सरकणारा सीटपोस्ट त्यांना सुचवू नये. तो धुळीने अडकतो, सीट डावी-उजवीकडे हलू लागते, आणि बसताच खाली दबत असल्याने उंची पुन्हा लावावी लागते. चार दांड्यांच्या चौकोनी जोडणीचा स्प्रिंगचा प्रकार सीटला खाली आणि मागे नेतो, त्यामुळे पेडलपासूनचे अंतर फारसे बदलत नाही. पण त्याची स्प्रिंग वजनाप्रमाणे निवडावी लागते आणि किंमतही बरीच असते.

लांबपल्ला यांच्याशी माझा मतभेद कायम आहे. २८ मिमीचा टायर मावत असेल, तर आधी तो घालावा, हवा ७०-७५ पीएसआयवर आणून दौलताबाद ते खुलताबाद घाटाने एकदा जाऊन यावे, आणि त्यानंतरही कंप बैठकीतच जाणवत असेल, हातांत नव्हे, तरच कार्बनचा विचार करावा.

लांबपल्ला:
माझे वजन ८५ किलो आहे, सर. ७० पीएसआयवर २८ मिमीचा मागचा टायर खड्ड्याच्या काठावर आपटून ट्यूबला सर्पदंशासारखी दोन भोके पडतील. हवेचा आकडा सांगताना वजन विचारलेत तर बरे.