पीएचक्यू-९ चा स्कोअर १४ आला, म्हणजे डिप्रेशन पक्कं का?

सांजवारा: बरेच दिवस झोप नीट लागत नाहीये, कामात लक्ष नाही, आधी जे आवडायचं ते पण नको वाटतं. काल रात्री पीएचक्यू-९ (डिप्रेशनची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरली तर १४ आले आणि खाली मॉडरेट डिप्रेशन असं लिहून आलं. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. मधेच वाटतं आपण उगाच बाऊ करतोय, चार दिवस थांबून भरली असती तर कमी आले असते. यावर कितपत विश्वास ठेवायचा?

शांताराम_क: ही कुणीतरी टाइमपास म्हणून बनवलेली क्विझ नाही, २००१ पासून डॉक्टर लोक स्वतः वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला त्यावर प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र, २० पासून तीव्र. १० किंवा जास्त आले की डॉक्टरांकडून नीट तपासून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ, निदान नाही ते. माझ्या मते बेरजेपेक्षा मार्क कुठे पडलेत ते बघा. झोप, थकवा, भूक हे थायरॉइड बिघडला किंवा हिमोग्लोबिन कमी असलं तरी वर जातं, म्हणून रक्त तपासणी पण होऊ दे. पहिले दोन प्रश्न, कशात रस न वाटणं आणि उदास वाटणं, तिथे किती आहेत?

मोरपीस: आणि नववा प्रश्न बेरजेत धरून सोडून देऊ नका प्लीज. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, तो. एकूण ६ असू दे नाहीतर १६, तिथे शून्य नसेल तर ते वेगळं आणि आधी बोलायचं.

सांजवारा: पहिल्या दोनला ३ आणि २. झोप ३, थकवा ३, लक्ष न लागणं २. नवव्याला १ आहे. काही करायचं वगैरे मनात नाही, पण सकाळी जागच येऊ नये असं कधीकधी वाटतं.

मोरपीस: बरं झालं लिहिलंत. हा बाऊ नाहीये, अजिबात नाही. आजच घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला हेच वाक्य जसंच्या तसं सांगा, आणि डॉक्टरांची लवकरात लवकरची वेळ घ्या. विचार वाढले किंवा कसं करायचं हे मनात यायला लागलं तर वेळेची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जायचं, आणि तोवर एकटं राहायचं नाही.

शांताराम_क: +१. जाताना भरलेला फॉर्म घेऊन जा, तोंडाने सांगायला जड जातं ते कागदावर असतं. शेवटी एक बिनमार्कांचा प्रश्न असतो, यामुळे काम, घर, माणसं सांभाळणं किती कठीण झालंय, तो पण भरा. आधी कधी अगदी कमी झोपेवर दिवसेंदिवस जोरात, प्रचंड उत्साहात होतात असं झालं असेल तर नक्की सांगा, हा फॉर्म ते विचारतच नाही आणि बायपोलर (कधी अति उत्साह, कधी डिप्रेशन असा आजार) असेल तर औषधं वेगळी लागतात.

सांजवारा: ताईला फोन केला, ती येतेय. उद्या सकाळची वेळ मिळालीये, तीच सोबत येणारे.