हाताने चालवलं की चालतं, बूट झालं की पडतं: तुमचे अनुभव सांगा

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक रास्पबेरी पाय ४, म्हणजे छोटासा लिनक्स कॉम्प्युटर, बसवलाय. टाकीतल्या पाण्याची पातळी मोजायची आणि सर्व्हरला कळवायची, एवढंच त्याचं काम. शे-दीडशे ओळींची पायथन स्क्रिप्ट, ती बूट झाल्यावर आपोआप सुरू व्हावी म्हणून तिची सिस्टमडी सर्व्हिस केलेली (सिस्टमडी म्हणजे लिनक्समध्ये बाकीचे प्रोग्राम सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम). पावसाळ्यात दोन दिवस लाईट गेली. आली तेव्हा पाय चालू, पण सर्व्हिस 'फेल्ड'. मी लॉगिन करून स्क्रिप्ट हाताने चालवली, तर गुणी बाळासारखी चालली. सर्व्हिस रीस्टार्ट केली, तीही चालली. विषय तिथेच सोडणार होते, पण डोक्यातून जाईना.

शेवटी 'जर्नलसीटीएल -बी -यू' करून त्या बूटचा लॉग पहिल्यापासून वाचला. तक्रार सर्व्हरच्या सर्टिफिकेटची, म्हणजे त्याच्या डिजिटल ओळखपत्राची होती: म्हणे अजून वैध झालेलं नाही. आणि ओळींपुढच्या तारखा बघते तर दोन दिवसांपूर्वीच्या! पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. बंद पडताना जी वेळ जपून ठेवलेली असते तिथूनच तो पुढे मोजू लागतो, इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत. आमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट नेमकं त्या दोन दिवसांत बदललं होतं. मी लॉगिन करेपर्यंत घड्याळ जुळलेलं, म्हणून माझ्या हाताने सगळं सुरळीत.

सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, म्हणजे युनिट फाईलमध्ये, 'रीस्टार्ट=ऑलवेज' (पडली की पुन्हा सुरू कर) लिहिलंय म्हणून मी निर्धास्त होते. पण वेगळं काही सांगितलं नाही तर सिस्टमडी दोन प्रयत्नांमध्ये जेमतेम १०० मिलिसेकंद थांबतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की हात टेकतो. 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' म्हणतो ते हेच. मी 'रीस्टार्टसेक=३०' केलं, 'सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक' चालू केलं आणि युनिट फाईलमध्ये 'आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट' टाकलं, म्हणजे घड्याळ जुळल्यावरच सर्व्हिस सुरू होईल.

तुमच्याकडे असं काय काय झालंय? फजितीसकट लिहा.

*

माझा नंबर २०३, म्हणजे सिस्टमडीला प्रोग्राम सुरूच करता आला नाही की येणारा एरर कोड. नोकरीला लागून महिना झाला होता. स्टेटसमध्ये 'कोड=एक्झिटेड, स्टेटस=२०३/एक्झेक' आणि लॉगमध्ये 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. फाईल तर डोळ्यांसमोर! एक्झिक्युट परमिशन आहे, पाथ तीनदा ताडून पाहिला, 'पायथन३' पुढे फाईलचं नाव देऊन चालवली तर चालते. अख्खी दुपार गेली. स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली होती, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारा कॅरेज रिटर्न. पहिल्या ओळीत पायथनचा पाथ असतो, त्यालाही ते शेपूट चिकटलेलं, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) शेपटासकट नावाचा पायथन शोधत होता. म्हणजे सापडत नव्हता तो इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा पायथन), माझी फाईल नव्हे. 'डॉसटूयुनिक्स'ने ती शेपटं काढली, दोन सेकंदांत काम. सीनियरला मात्र "परमिशनचा घोळ होता" असंच सांगितलं.

*

वरच्या २०३ ला जोडून. आमच्याकडे फेडोरा लिनक्स, आणि तक्रार 'परमिशन डिनाइड'. परमिशन ७५५, म्हणजे कोणालाही चालवता येईल अशी होती हो! बायनरी (तयार प्रोग्रामची फाईल) होम डिरेक्टरीत बनवून 'एमव्ही'ने 'यूएसआर-लोकल-बिन'मध्ये हलवली होती. एसईलिनक्स या फेडोरातल्या सुरक्षा व्यवस्थेत प्रत्येक फाईलला लेबल असतं आणि 'एमव्ही' केलं की जुनं लेबल सोबत येतं. फाईल सरकारी जागेत, कपाळावर शिक्का मात्र घरचा. सिस्टमडीला तसली फाईल चालवायची मुभा नसते. 'एलएस -झेड'ने लेबल दिसलं, 'रीस्टोअरकॉन'ने सुधारलं. 'सीपी'ने कॉपी केलं असतं तर नव्या जागेचंच लेबल लागलं असतं.

आणि कृपा करून कोणी 'सेटएनफोर्स ०' करून, म्हणजे एसईलिनक्सची सक्ती बंद करून, तसंच सोडू नका. तपासण्यापुरतं ठीक आहे. आमच्याकडे एका सर्व्हरवर ते आठ महिने तसंच होतं, कोणी केलं ते आजवर कबूल झालेलं नाही.

*

थोडक्यात सांगतो. पीआयडी (प्रोसेसचा नंबर) लिहायच्या फाईलसाठी 'रन'खाली स्वतः डिरेक्टरी बनवली होती. 'रन' मेमरीत असतं, रीबूट झालं की पाटी कोरी. 'रनटाइमडिरेक्टरी=' लिहिलं की सिस्टमडी दर वेळी स्वतः बनवून देतो. हे मला तिसऱ्या रीबूटनंतर कळलं.

*

बाहेरून विकत घेतलेलं सॉफ्टवेअर, युनिट फाईल त्यांचीच, 'टाइप=फोर्किंग'. सर्व्हिस बरोब्बर दीड मिनिट जगायची आणि मरायची. त्यांचा सपोर्ट म्हणायचा, रॅम वाढवा. आम्ही वाढवलीही! मूळ दुखणं असं की 'फोर्किंग' म्हटलं की प्रोग्राम स्वतःचं पिल्लू मागे सोडून बाजूला होईल, याची सिस्टमडी वाट बघतो. त्यांच्या नव्या आवृत्तीत प्रोग्राम बाजूला व्हायचाच नाही, तो समोरच बसून काम करायचा. ९० सेकंद वाट बघून सिस्टमडी टाइमआउट म्हणून त्याला मारायचा. 'टाइप=सिंपल' केलं, संपलं. रॅमचं बिल आमच्याकडेच राहिलं.

*

कोणी हसेल, पण मला सिस्टमडीच्या आधीच्या जुन्या इनिट स्क्रिप्टच बऱ्या वाटायच्या. काय करते ते वरून खाली वाचता यायचं.

*

दादा, वाचता यायचं खरं, पण रात्री दोन वाजता कोण कशानंतर सुरू होतं ते फाईलच्या नावांतल्या आकड्यांवरून जुळवत बसायचं, तेही आठवा की!

*

धागा काढणारी मीच. सगळ्यांचं वाचलं, 'रनटाइमडिरेक्टरी' आजच टाकते. आमच्याकडची खबर: परवा पुन्हा लाईट गेली, आली, आणि या वेळी सर्व्हिस ठणठणीत उठली. टाकी रिकामी असल्याचं दर पाच मिनिटांनी बिनचूक कळवत होती. पंप जळाला होता.