मदत हवी आहे: बोट थांबते त्या दिवशी खाली न उतरता वरच राहता येतं का?

विश्रामबागवाली:
उद्या दुपारपर्यंत कळवायचंय म्हणून घाईत लिहितेय. घरचे नऊ जण क्रूझला चाललोय. बोट थांबते त्या दिवशी सगळे फिरायला उतरणार, आई म्हणते मला नाही उतरायचं, मी वरच बसते निवांत, मग मी पण तिच्याजवळ थांबणार. दादा म्हणतो सफाईसाठी सगळ्यांना उतरवतात, वहिनी म्हणते एवढे पैसे भरून नुसतं पाणीच बघायचं तर आपला सांगलीचा आयर्विन पूल काय वाईट आहे. कुणी राहिलंय का असं? जेवण मिळतं का? लवकर सांगा प्लीज.

मिरज जंक्शन:
कुठली क्रूझ? कुठून सुटते? किती दिवस?

साताऱ्याचा मावळा:
राहू देतात, पण उतराच ताई. आम्ही कोचीला उतरलो, सासरे ७४ वर्षांचे, व्हीलचेअरवरून फोर्ट कोचीची ती मासे पकडायची चिनी जाळी दाखवली, आजही सगळ्यांना सांगत असतात. माणूस परत परत जातो का तिकडे? व्हीलचेअर घ्या.

विश्रामबागवाली:
मुंबईहून सुटते. व्हीलचेअर नकोय, विचारलंय तेवढं सांगा ना.

डेक नंबर सात:
मधे थांबते कुठे ते सांगा, सगळं त्यावर आहे. गोवा, कोचीला बोट धक्क्याला लागते, चालत उतरता येतं. लक्षद्वीपला तसं नाही.

विश्रामबागवाली:
लक्षद्वीपच. अगत्ती.

मिरज जंक्शन:
महालक्ष्मी एक्स्प्रेसने जा, सकाळी सीएसएमटीला उतरलं की क्रूझचा धक्का, बॅलार्ड पियर, जवळच आहे. पण एक दिवस आधीचीच गाडी घ्या, त्याच दिवशी पोचायच्या भरवशावर राहू नका, गाडी लेट झाली तर बोट कुणासाठी थांबत नाही. आणि आईंचं वय काय, गुडघे कसे आहेत?

विश्रामबागवाली:
६८. ते लिहायचं राहिलं, डिसेंबरात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. घरात चालते व्यवस्थित, पायऱ्यांना आधार लागतो.

डेक नंबर सात:
अहो हेच आधी सांगायचं! अगत्तीला उथळ लगून आहे, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं शांत पाणी, मोठी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या बोटीने नेतात, टेंडर म्हणतात तिला. टेंडर लाटेबरोबर फूटभर वर-खाली होत असते, बरोबर वर आली की पाय टाकायचा. नव्या गुडघ्यांना हे नको. उलट वर राहणंच बरं. सक्तीने कोणी उतरवत नाही, जाता-येता कार्ड स्कॅन होतं त्यामुळे वर कोण आहे ते त्यांना माहीत असतं. बुफे चालू असतो, एखादं रेस्टॉरंट दुपारी बंद असेल. स्विमिंग पूल रिकामा, खुर्च्या रिकाम्या, लिफ्टला थांबावं लागत नाही. मी दोनदा राहिलोय, अख्ख्या ट्रिपमधला तोच खरा आरामाचा दिवस.

साताऱ्याचा मावळा:
टेंडरचा एवढा बाऊ नको, दोन खलाशी दोन्ही हात धरून घेतात. आमच्यासोबत ऐंशीच्या आजी उतरल्या होत्या.

डेक नंबर सात:
त्या आजींचे गुडघे तीन महिन्यांपूर्वी बदलले होते का दादा?

काका वाईकर:
टेंडर म्हणजे आमच्या वेळचा पडाव. भाऊच्या धक्क्यावरून कोकण सेवक निघायची, मी लहानपणी आजोळी जायचो त्या बोटीने. धक्का नसेल तिथे बोट समुद्रातच उभी, पडाव येऊन बाजूला लागायचा, ट्रंका खाली सोडायच्या आणि मग माणसं. आजी माझं मनगट इतकं घट्ट धरायची की नंतर बोटांचे वळ दिसायचे. आईंना तिथे उभं करू नका.

मिरज जंक्शन:
बोट लागते का कुणाला? गोळी डॉक्टरांना विचारूनच न्या, ऑपरेशननंतरची औषधं चालू असतील तर आधी सांगा. केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर मागा, हेलकावे कमी जाणवतात.

डेक नंबर सात:
अजून एक. बोट थांबलेली असताना स्टाफचं ड्रिल घेतात बऱ्याचदा. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला तर आई घाबरतील, आधी सांगून ठेवा. स्पीकरवर फक्त स्टाफसाठी म्हणून सांगतात, नाही सांगितलं तर मात्र ते खरंच समजायचं. दुकानं, कॅसिनो सहसा बंद असतात. लक्षद्वीपला उतरायच्या परमिटचे कागद भरले असतील तर राहू द्या, फक्त टेंडर आणि सहल रद्द करा. पैसे परत मिळायची शेवटची वेळ बुकिंगवर बघा.

विश्रामबागवाली:
खूप आभार सगळ्यांचे. चिडून लिहिलं असेल तर माफ करा. आईने २८ वर्षं घरून डबे दिले, पहाटे चारला उठून कणीक मळायची, ट्रिपला गेली तरी सगळ्यांच्या आधी उठून चहाचं बघते. तिला एक दिवस कुणी आयता कप हातात द्यावा आणि कुठे चला, आवरा म्हणू नये एवढंच हवंय. दादाला काका वाईकरांचं वाचून दाखवलं, तो गप्प बसला. दोघींची टेंडर रद्द करतेय. फक्त सांगा, सकाळी सावली कुठल्या बाजूला असते? तिला ऊन सोसत नाही.

डेक नंबर सात:
ठरलेली बाजू नाही हो ताई. बोट बाहेर उभी असते तेव्हा वारा आणि प्रवाहाप्रमाणे तोंड फिरत राहतं, सावली पण फिरते. हलकी खुर्ची बघा, दोन-तीनदा सरकवावी लागेल.