‘नोरिया’, ‘बाल्सा’, ‘राम्ब्ला’: स्पॅनिशमधले पाण्याचे शब्द इंग्रजीत कसे न्यावेत?

मलप्रभाकाठ:
नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहून स्पॅनिश कागदपत्रांचे इंग्रजीत भाषांतर करते. सध्या हातात स्पेनच्या अंदालुसिया प्रांतातील एका शेतजमिनीचे खरेदीखत आहे. जमिनीच्या उत्तरेस ‘राम्ब्ला’ आहे, पूर्वेस ‘आसेकिया’ म्हणजे शेतांना पाणी नेणारा पाट आहे आणि आत एक ‘बाल्सा’, एक ‘अल्हीबे’ व एक मोडकी ‘नोरिया’ आहे. मराठीत यातील प्रत्येक गोष्ट मला डोळ्यांसमोर दिसते, पण इंग्रजीत लिहायला बसले की सगळ्यांचे ‘डिच’, ‘पाँड’ आणि ‘वेल’ होऊन जाते. शब्दकोशाचीही फारशी मदत होत नाही, कारण त्यात ‘बाल्सा’चा एक अर्थ तराफा असाही आहे. मागे मेक्सिकोतील एका कागदात मी ‘नोरिया’साठी ‘वॉटरव्हील’ लिहिले होते. जागेवर नुसती विहीर असल्याने ग्राहकाने ‘चाक कुठे आहे?’ असे विचारले आणि मला सगळा मजकूर पुन्हा तपासावा लागला. या वेळी तसे होऊ नये, म्हणून विचारते आहे.

चिकोडीचा शेतकरी:
ताई, मला स्पॅनिश येत नाही, मात्र पाणी कळते. तुम्ही वर्णन कळवलेत तर मी सांगू शकेन. बाल्सा उघडी, खोदलेली आणि पाणी साठवून पिकाला देण्यासाठी असेल, तर ते आपले शेततळे झाले. त्याला नुसते ‘पाँड’ म्हटले की बदके पोहत असल्यासारखे वाटते, तेव्हा ‘इरिगेशन पाँड’ लिहावे. आसेकियाला मात्र ‘कॅनॉल’ म्हणू नका. आमच्याकडे कॅनॉल म्हटले की हिडकलच्या धरणातून येणारा सरकारी कालवा डोळ्यांपुढे येतो, आणि पाट म्हटले की शेजाऱ्याशी पाळीवरून होणारे भांडण. पाटाचे पाणी कोणी कधी घ्यायचे हे तिथेही शेतकरीच ठरवतात का?

मलप्रभाकाठ:
होय, तंतोतंत. पाळीला ते ‘तांदा’ म्हणतात आणि पाटावरच्या शेतकऱ्यांचा संघ असतो. व्हॅलेन्सियात तर पाण्याचे तंटे सोडवणारे न्यायमंडळ दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी बसते आणि निवाडा तोंडी देते. २००९ साली युनेस्कोने त्याची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत ‘आसेकिया’ हा शब्द इंग्रजीतही जसाच्या तसा चालतो, पण माझा ग्राहक इंग्लंडमधील असल्याने त्याला तो कळेलच असे नाही.

कोशवाचक:
यातील बहुतेक शब्द अरबी मुळाचे आहेत, त्यामुळे मूळ अर्थ पाहिल्यास नेमके कशाचे वर्णन आहे ते उकलते. अल्हीबे म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याचे बांधीव, बहुधा जमिनीखालचे टाके. आपल्या गडांवरची टाकी आठवा. आडाला आतून झरे फुटतात, टाक्याला फुटत नाहीत. इंग्रजीत ‘सिस्टर्न’ हाच शब्द योग्य, ‘वेल’ कदापि नाही. हा फरक केवळ भाषेचा नाही. स्पेनच्या १९८५ च्या जलकायद्याने भूजल सार्वजनिक मालकीचे ठरवले, त्यामुळे खरेदीखतात ‘विहीर’ असे आले की वकील लगेच पाण्याच्या हक्काची चौकशी करील आणि टाक्यापायी तुमच्या ग्राहकाची विनाकारण धावपळ होईल.

राम्ब्ला म्हणजे वाळूचे रुंद, कोरडे पात्र, जे एरवी वाटेसारखे वापरतात आणि जोराचा पाऊस झाला की घटकाभरात भरून वाहते. मूळ अरबी शब्दाचा अर्थच वाळू असा आहे. बार्सिलोनाच्या प्रसिद्ध रस्त्याने हे नाव घेतले असले तरी इथे ‘ॲव्हेन्यू’ लिहू नये. ‘स्ट्रीम’ही नको, कारण वाचणाऱ्याला बारमाही ओढा वाटेल. ‘ड्राय वॉटरकोर्स’ लिहून पहिल्यांदा मूळ शब्द शेजारी ठेवावा. काहीजण कोरड्या नदीपात्रासाठीचा ‘वाडी’ (wadi) हा शब्द सुचवतील. इंग्रजीत तो रूढ आहे, पण आपल्या बाजूच्या वाचकाला वस्तीच वाटेल! आणि ‘राम्ब्ला’च्या पुढे विशेषनाम असेल, तर ते मुळीच भाषांतरित करू नये, नाहीतर नकाशावर ती जागा सापडायची नाही.

आता नोरिया. मेक्सिकोत हा शब्द साध्या विहिरीलाही लावतात, त्यामुळे तिथे तुमचे चाक हरवले यात नवल नाही. स्पेनमध्ये तो पाणी वर काढणाऱ्या चाकासाठी आहे आणि जत्रेतल्या मोठ्या पाळण्यालाही. आपल्याकडे रहाट आणि रहाटपाळणा हे जोडीने आहेत, तसेच. पण चाक नदीच्या ओघाने फिरत होते की जनावराने, यावर इंग्रजी शब्द ठरेल. कागदात ‘दे सांग्रे’, म्हणजे ‘रक्ताची’, असे विशेषण आहे का? तसे असेल तर ती जनावराने फिरवायची नोरिया आहे.

चिकोडीचा शेतकरी:
विशेषण नसले तर जागेचा फोटो मागवा. मोटेचे बैल धावेवरून सरळ खाली उतरतात, पण रहाट ओढणारे जनावर विहिरीभोवती गोल फिरते, त्यामुळे तिथे पायाखाली तुडवलेले गोल रिंगण उरते.

मलप्रभाकाठ:
विशेषण नव्हते, म्हणून फोटो मागवला. विहिरीच्या काठावर दातेरी लोखंडी चक्राचा अर्धा भाग गंजून पडलेला आहे आणि भोवती दगड रचून केलेले गोल रिंगण अजूनही दिसते. ‘ॲनिमल-पॉवर्ड वॉटर-लिफ्टिंग व्हील, इन रुइन्स’ असे लिहिले आहे. चाक विहिरीवर असल्याने ‘वेल’ हा शब्दही शेवटी आलाच, तेव्हा पाण्याच्या हक्काबाबत ग्राहकाला वेगळी टीप पाठवते आहे. आसेकियासाठी ‘इरिगेशन डिच’ ठेवले आहे.