घडीचे फोन खरंच कुणाला हवे आहेत का?

रिकामा_कारकून (धागाकर्ता)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे हाणायला सोपं जाईल. घडीचा, म्हणजे स्क्रीनसकट मधोमध मिटणारा, फोन ग्राहकानं कधी मागितलाच नव्हता. गरज आहे ती फोन बनवणाऱ्यांची.

२०१६-१७ च्या सुमारास जगातली स्मार्टफोनची वार्षिक विक्री दीडशे कोटींच्या जवळ पोचली आणि तिथंच अडकली. साधा फोनही तीन-चार वर्षं आरामात टिकायला लागला. नव्या-जुन्यातला फरक जाहिरातीत दिसायचा, हातात घेतल्यावर नाही. मग लोकांना पुन्हा दुकानात आणायचं कसं? २०१८ च्या अखेरीस चीनच्या रोयोलनं फ्लेक्सपाय हा वाकणारा फोन दाखवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी फोल्ड जाहीर केला. तो एप्रिलमध्ये विक्रीला यायचा होता, पण परीक्षणासाठी ज्यांना फोन दिले होते त्यांच्यातल्या काहींनी वरची पातळ फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलली आणि स्क्रीन मेली. विक्री सप्टेंबरवर गेली. भारतात आला तेव्हा किंमत १,६४,९९९ रुपये.

सॅमसंगच्याच २०२५ च्या झेड फोल्ड ७ ची भारतातली सुरुवातीची किंमत १,७४,९९९. नवं तंत्र दरवर्षी स्वस्त होतं म्हणतात, हे सातव्या पिढीला दहा हजारांनी वर गेलंय. आणि एवढं करून जगात खपणाऱ्या शंभर स्मार्टफोनांत घडीचे दोनसुद्धा नसतात. रोयोल दिवाळखोरीत गेली. थ्रीडी टीव्ही आठवतोय का? २०१० मध्ये शोरूमवाले चष्मे घालायला लावून सोफ्यावर बसवायचे. २०१७ मध्ये एलजी आणि सोनीनंही गाशा गुंडाळला.

वेगळं मत असेल तर कारणासकट लिहा. "मला आवडतो" हे कारण धरणार नाही.

सातबारा_वकील

कारणासकट लिहितो. मी तालुक्याच्या कोर्टात जमिनीच्या दाव्यांची कामं करतो. दिवसभर डोळ्यासमोर काय असतं? सातबारा, फेरफार, खरेदीखत, निकालपत्रं. सगळं पीडीएफ, सगळं ए-फोर आकाराच्या पानावर. साध्या फोनवर ते पान बसवलं की रुंदी पावणेतीन इंचांच्या आसपास येते. वाचायचं तर प्रत्येक ओळ चिमटीत धरून मोठी करा, डावीकडून उजवीकडे सरकवा, पुढच्या ओळीला परत मागे या. सातबाऱ्याचे रकाने असे वाचून बघा, क्षेत्र एका गटाचं आणि खातेदार दुसऱ्याचा वाचला जातो. आठ इंचांच्या आतल्या स्क्रीनवर तेच पान पोस्टकार्डाएवढं दिसतं. पोस्टकार्ड म्हणजे फार नाही, पण चष्मा लावून सलग वाचता येतं. उभं राहून, कोर्टाच्या व्हरांड्यात, पक्षकार शेजारी असताना.

टॅब घ्या म्हणाल. घेतला होता. तो गाडीत राहतो आणि काम व्हरांड्यात निघतं.

तुम्ही किमतीचं गणित मांडलंत, पण फक्त पुस्तकासारख्या उघडणाऱ्या फोनचं. डबीसारख्या मिटणाऱ्यांचं का नाही? २०२० मध्ये सॅमसंगचा पहिला झेड फ्लिप भारतात १,०९,९९९ ला आला, मोटोरोलाचा रेझर १,२४,९९९ ला. २०२३ मध्ये टेक्नोनं फँटम व्ही फ्लिप ४९,९९९ ला दिला, पुढच्या वर्षी इन्फिनिक्सचा झीरो फ्लिपही त्याच भावात. निम्म्याहून खाली. हे सोयीस्कररीत्या वगळलंत.

उगाच_खोचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वकील विरुद्ध कारकून, तारीख पे तारीख होणार.

रिकामा_कारकून

वकीलसाहेब, वगळलं नाही, राखून ठेवलं होतं. भाव निम्म्यावर आला आणि तरी टक्केवारी दोनच्या आतच. म्हणजे महागाईमुळे लोक घेत नाहीत ही सबबसुद्धा गेली. पन्नास हजारांत घडीचा फोन मिळतोय आणि तेवढे पैसे असलेला माणूस सरळ साधा फोन घेऊन बाहेर पडतोय.

अंशतः_सहमत

सिनेमा बघायला मोठी स्क्रीन, असं विक्रेता सांगतो ना, ते जरा मोजून बघू. फोल्ड ७ ची आतली स्क्रीन ८ इंच, पण जवळजवळ चौकोनी, २१८४ बाय १९६८ पिक्सेल. आडवा धरला तर रुंदी साधारण ५.९ इंच. नेहमीचा १६:९ व्हिडिओ त्यावर ५.९ बाय ३.३ इंचांचा दिसतो. ६.९ इंचांच्या साध्या फोनवर तोच ५.१ बाय २.९. म्हणजे क्षेत्रफळ एक तृतीयांशानं जास्त. ठीक.

आता सिनेमास्कोप चित्रपट लावा, २.३५:१ वाला. फोल्डवर रुंदी तीच ५.९, उंची अडीच इंच, बाकी वर-खाली काळे पट्टे. साध्या फोनवर रुंदी ६.२ च्या वर आणि उंची २.६ च्या पुढं. पावणेदोन लाखांच्या फोनवर चित्रपट लहान दिसतो! ही बेरीज-वजाबाकी दुकानात कुणी करत नाही.

म्हणून वकीलसाहेबांशी सहमत आणि जाहिरातीशी असहमत. पानं आणि तक्ते बघायला हे यंत्र चांगलं, मनोरंजनाला साधारण. आणि रोज पानं-तक्ते बघणारे लोक किती? ते दोन टक्क्यांतच बसतील. त्यात वाईट काय आहे? मोठा लेन्सवाला कॅमेरा किती जण घेतात? म्हणून तो कुणाला नको होता असं आपण म्हणत नाही.

छोटी_पर्स

इथे सगळे पुरुष पीडीएफ वाचतायत. जरा कपड्यांकडे बघा. तुमच्या पँटला चार खिसे. आमच्या कुर्त्याला एक असलाच तर त्यात लोकलचं तिकीट मावतं. जीन्सचा खिसा बोटाच्या दोन पेरांइतका. सहा-पावणेसात इंचांचा फोन आम्ही ठेवायचा कुठं? हातात. आणि डोंबिवलीला सकाळी सव्वाआठला चढताना हातात फोन म्हणजे पडला तरी गेला, हिसकावला तरी गेला.

मी दोन वर्षांहून जास्त काळ डबीवाला वापरतेय. मिटला की तळहाताएवढा, छोट्या पर्सच्या आतल्या कप्प्यात बसतो. भाजीवाल्याचा क्यूआर बाहेरच्या स्क्रीनवरूनच स्कॅन करते, पिशव्या सांभाळत फोन उघडायची गरज नाही. सगळ्यात मोठी गोष्ट, मिटला की मिटला. ओटीपी आला, मेसेज आला, बाहेर बघून घेतलं, विषय संपला. उघडायचा कंटाळा येतो हाच त्याचा फायदा आहे.

धागाकर्ते, "मागितला नव्हता" म्हणता. मोटोरोलाचा जुना रेझर व्ही३ आठवा, २००४ चा. तेरा कोटींच्या वर खपला जगभर. मिटणारा फोन लोकांना आवडतच होता, मधे सगळ्यांनी बनवणं बंद केलं.

रिकामा_कारकून

ताई, खिशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यावर सोपा उपाय होता की, लहान फोन. ॲपलनं २०२० मध्ये आयफोन १२ मिनी काढला, २०२१ मध्ये १३ मिनी. इंटरनेटवर सगळे "एका हातात मावणारा फोन द्या" म्हणून गळा काढत होते. दिला तर घेतला नाही. २०२२ मध्ये मिनी गायब आणि त्या जागी मोठ्या स्क्रीनचा १४ प्लस. लोक बोलतात एक आणि पैसे दुसरीकडे टाकतात. मी तेवढंच म्हणतोय.

छोटी_पर्स

म्हणजे लोकांना मोठी स्क्रीनही हवी आणि छोटा फोनही हवा. हे माझ्या बाजूचं उदाहरण झालं, तुमच्या नाही. दोन्ही एकत्र देणारं दुसरं काय आहे बाजारात?

उगाच_खोचक

ताईंना +१. कारकूनसाहेब, फाइल परत पाठवा, त्रुटी आहेत.

कॉम्बो_मास्तर

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. कुठल्याही कंपनीचं नाव घेणार नाही, गिऱ्हाईक सगळ्यांचं येतं.

बिजागरी तुटून आलेला फोन क्वचित बघितला. दोन लाख वेळा उघड-मीट केल्याचं कंपन्या सांगत होत्या, आता त्याहून मोठे आकडे सांगतात. दिवसाला शंभर वेळा धरलं तरी दोन लाखांना साडेपाच वर्षं लागतात. तो भाग खोटा नाही. रोग वेगळा आहे. आतली काच केसापेक्षाही पातळ असते, म्हणूनच ती वाकते. तिच्यावर प्लास्टिकचा थर. वाकताना एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते, रोज तेच. दोनेक वर्षांत घडीच्या रेषेवर फिल्म उचलायला लागते, बुडबुडा येतो. गिऱ्हाईक नखानं खरवडतं. मग रेषेवरून काळा पट्टा, दोन दिवसांत निम्मी स्क्रीन गेली.

साध्या फोनचा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून एकच भाग, मी अर्ध्या तासात बदलून देतो. ओरिजिनल घ्या, कॉपी घ्या, तुमच्या ऐपतीनं. घडीच्या फोनची आतली स्क्रीन खुल्या बाजारात धड मिळत नाही, मिळाली तर फ्रेमसकट घ्यावी लागते आणि तेवढ्यात चांगला मधल्या भावाचा नवा फोन येतो. मी सरळ सर्व्हिस सेंटरला पाठवतो. जुना विकायला आणला तर भाव निम्म्याच्या खालूनच सुरू करतो, कारण माझ्याकडून तो घ्यायला माणूस उभा राहत नाही.

आणि धूळ. धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा आयपी४८ हा आकडा वाचून लोक निर्धास्त होतात. त्यातला ८ पाण्याचा. ४ चा अर्थ एवढाच की एक मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जाणार नाही. आमच्या भागात खडी क्रशर आहेत, पिठाच्या गिरण्या आहेत, उन्हाळ्यात वावटळ आहे. तिथली कुठली धूळ एक मिलिमीटरची असते?

सातबारा_वकील

मास्तर, धुळीचं बरोबर, पण ते आता सुटायला लागलंय. गूगलच्या २०२५ च्या पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ आहे, म्हणजे धूळही बंद. वजनाचंही तसंच. फोल्ड ७ २१५ ग्रॅम, त्याच कंपनीचा साधा एस२५ अल्ट्रा २१८ ग्रॅम. मिटल्यावर जाडी ८.९ मिलिमीटर. पहिल्या फोल्डच्या विटेशी याची तुलनाच होत नाही. आणि भारतातल्या प्री-बुकिंगचं धागाकर्त्यांनी काही लिहिलं नाही, २०२५ च्या जुलैत फोल्ड ७, फ्लिप ७ आणि फ्लिप ७ एफई मिळून ४८ तासांत २ लाख १० हजार.

रिकामा_कारकून

तो आकडा कंपनीचाच. आणि देशात वर्षाला साधारण १५ कोटी स्मार्टफोन विकले जातात, त्यापुढं मांडा. शिवाय पहिल्या दोन दिवसांत रांगेत कोण असतं? जुना फोल्ड एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेणारे. माझा असा समज आहे की हे तेच ते लोक फिरून फिरून येतात.

परदेशी_पाहुणा

शांघायमध्ये आहे कामानिमित्त. इथं चित्र जरा निराळं दिसतं. घडीचे फोन जगात सर्वात जास्त खपतात ते चीनमध्येच, आणि त्यात हुवावे पुढं. मीटिंगमध्ये टेबलावर उघडून ठेवतात, समोरच्याला दिसेल असा. सप्टेंबर २०२४ मध्ये हुवावेनं दोन घड्या पडून तीन भागांत मिटणारा मेट एक्सटी काढला, १०.२ इंचांचा, १९,९९९ युआनला. आपले सव्वादोन लाखांच्या वर. तोही लोकांनी घेतला. गरज म्हणून घेतला असेल असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे लग्नात घालायचं घड्याळ तरी वेळ बघायला कोण घेतं?

अंशतः_सहमत

पाहुण्यांनी बरं लिहिलं. आणखी एक. २०१० मध्ये खुद्द स्टीव्ह जॉब्ज म्हणाले होते की मोठे फोन कुणी विकत घेणार नाही. २०११ मध्ये ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आला तेव्हा कानाला पाट लावल्यासारखा दिसतो म्हणून सगळे हसले. आज ५.३ इंच म्हणजे लहान फोन. पण इथंच मी वकीलसाहेबांपासून वेगळा होतो. मोठ्या स्क्रीनचं लोण दोन-तीन वर्षांत दहा-पंधरा हजारांच्या फोनपर्यंत पोचलं. घडीला सात वर्षं झाली, दहा-पंधरा हजार सोडा, तीस हजारांतही नवा मिळणं कठीण. कारण मास्तरांनी सांगितलंच, ती वाकणारी काच. स्क्रीन मोठी करणं सोपं होतं, वाकवणं नाही. ॲपलनं २०२५ अखेरपर्यंत एकही घडीचा फोन विकला नाही, तो काही आळसानं नसावा.

सातबारा_वकील

कारकूनसाहेब, एकच प्रश्न, सरळ उत्तर द्या. उद्या साध्या फोनच्या भावात, तितकाच टिकाऊ, घडीचा फोन मिळाला. घ्याल?

रिकामा_कारकून

पुस्तकासारखा उघडणारा? नाही. मी फोन एका हातानं वापरतो, दुसऱ्या हातात लोकलची कडी असते. उघडायलाच दोन हात लागतात. घरी आल्यावर वाचायचं तर लॅपटॉप आहे.

डबीवाला... बायकोसाठी बघेन.

छोटी_पर्स

बघा, वहिनींना विचारलंच नव्हतं अजून! आधी विचारा आणि मग धागा काढा.

कॉम्बो_मास्तर

मी त्याच भावात पुस्तकवाला घेईन. बिलं, स्टॉक, व्हॉट्सॲप एकाच वेळी उघडं ठेवता येतं, दुकानात ते रोज लागतं. फक्त माझ्या पोराला देणार नाही.

नवा_सभासद

माझा पहिलाच प्रतिसाद आहे. हे सगळं वाचून जुना घडीचा फोन घ्यायचा विचार करतोय, नव्याचे पैसे नाहीत. मास्तर, घेताना काय बघू?

कॉम्बो_मास्तर

दिवसाउजेडी बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको. पूर्ण सपाट उघडतो का ते बघा, जरा कोन राहत असेल तर बिजागरीत काहीतरी अडकलंय. अर्धा उघडून टेबलावर ठेवा, आपोआप पडला किंवा मिटला तर बिजागरी ढिली झाली. कानाजवळ धरून सावकाश उघडा, कचकच आवाज आला तर आत वाळू. मग पूर्ण पांढरा फोटो लावा, नंतर पूर्ण काळा, आणि घडीच्या रेषेवर ठिपका किंवा बारीक रेघ शोधा. फिल्मच्या कडा बोटानं चाचपा, कुठं उचलली असेल तर लगेच कळतं. ती फिल्म बाहेरच्या दुकानातून बदललेली असेल तर कितीही स्वस्त देत असला तरी सोडा. बिल मूळ हवं, आणि स्क्रीनचा विमा शिल्लक असेल तर तो तुमच्या नावावर होतो का ते पैसे देण्याआधी विचारा.